रंग चढलेली चांदीची स्मारक नाणी: पारखायची कशी, जपायची कशी, फोटोत पकडायची कशी

गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं चांदीचं नाणं अनेक मराठी घरांच्या कपाटात अजून निघतं. १९६९ सालचं, वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर, ८० टक्के चांदी. ते बाहेर आलं की घरातली पहिली सूचना ठरलेली असते: "काळं पडलंय, घासून ठेव." मग चिंच येते, रांगोळी येते, दंतमंजन येतं, आणि पाच मिनिटांत नाणं लखलखीत पांढरं होतं. संग्राहकाच्या लेखी ते तिथंच गेलं. घासल्याचे बारीक ओरखडे पुन्हा कधीच निघत नाहीत. आणि ज्याला काळपटपणा म्हणून धुऊन टाकलं, त्यात काठाला सोनेरी, आत तांबूस, मग जांभळा आणि निळा असे पट्टे असतील, तर त्यासाठी जास्त पैसे मोजणारी माणसं आहेत.

या रंगांना संग्राहक 'टोनिंग' म्हणतात. अशी नाणी निवडायची, राखायची आणि त्यांचा खरा फोटो काढायचा, या तिन्हींसाठी एकच सवय लागते. नाणं दिव्याखाली धरून सावकाश फिरवायचं आणि रंग कुठल्या कोनात जागा होतो ते बघायचं. पुढची बरीचशी माहिती या एका कृतीभोवतीच फिरते.

रंग येतो कुठून

चांदीला गंधक लागतं. हवेतला हायड्रोजन सल्फाइड, स्वस्त पुठ्ठा, रबर, लोकर, फटाक्यांचा धूर, खाडीची हवा, कुठूनही. नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. हा थर जाड झाला की काळा दिसतो, पण सुरुवातीला तो मिलिमीटरच्या काही लाखांश भागांइतकाच असतो आणि पारदर्शक असतो. थरावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या चांदीवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही रंग एकमेकांना खोडतात, उरलेले डोळ्यांना दिसतात. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडल्यावर उमटतात ते रंग याच नियमाचे.

दोन गोष्टी यातून आपोआप निघतात. पहिली, खालची चांदी चमकदार असेल तरच रंग जिवंत दिसतो. झिजलेल्या नाण्यावर तोच थर मेलेला, राखाडी वाटतो. दुसरी, रंगांचा क्रम ठरलेला आहे. थर वाढेल तसा आधी फिका सोनेरी, मग गडद केशरी-तपकिरी, मग किरमिजी-जांभळा, मग गडद निळा आणि पुढे फिकट निळा. इथं पहिलं आवर्तन संपतं. थर आणखी वाढला तर दुसरं आवर्तन सुरू होतं: लिंबासारखा पिवळा, गुलाबी, हिरवा. खरा स्वच्छ हिरवा दुसऱ्या आवर्तनातच येतो. हा क्रम पाठ करा. खोटा रंग ओळखताना तो फार उपयोगी पडतो.

शोधायचं काय

भारतीय नाण्यांपुरतं बोलायचं तर माझं मत सरळ आहे: सुरुवात १९६९च्या गांधी दहा रुपयांपासून करा. चांदी भरपूर, नाणं मोठं, सपाट मोकळी जागा पुरेशी, आणि बाजारात ते मुबलक असल्यानं निवडीला वाव आहे. पाठोपाठ १९७०चं 'सर्वांसाठी अन्न' या विषयावरचं दहा रुपयांचं नाणं, तेही ८० टक्के चांदीचं.

१९७२पासून गणित बदलतं. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं दहा रुपयांचं नाणं आकारानं ३९ मिलिमीटरपर्यंत वाढलं, वजन साडेबावीस ग्रॅम झालं, पण चांदी ५० टक्क्यांवर आली. १९७३च्या 'अधिक धान्य पिकवा' मालिकेतली दहा आणि वीस रुपयांची, त्यानंतरची पन्नासाची आणि शंभराची नाणीही याच मिश्रणाची. निम्मं तांबं असल्यावर रंग बहुधा तपकिरी, विटकरी, धुरकट होतो. तरीही या नाण्यांत अधूनमधून सुंदर निळा काठ सापडतो, विशेषतः मखमली पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखी चमक देऊन पाडलेल्या, नाण्यांवर. अलीकडच्या अनेक स्मारक नाण्यांत ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं आणि निकेल-जस्त प्रत्येकी ५ टक्के असतं. २०२३चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं असंच, ३५ ग्रॅम आणि ४४ मिलिमीटर. रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त २०२४ साली काढलेलं ९० रुपयांचं नाणं मात्र शुद्ध चांदीचं, ४० ग्रॅमचं. ते पुढं कसं रंगतं हे पाहायला मला उत्सुकता आहे. शुद्ध चांदी दमट हवेत फार काळ पांढरी राहत नाही.

१९६४चा नेहरूंचा रुपया आणि १९६९चा गांधींचा रुपया निकेलचे आहेत. १९९९चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं. या धातूंवर फिकी सोनेरी किंवा निळसर झाक येते, इंद्रधनुष्य सहसा नाही. कुणी गडद जांभळा-हिरवा निकेलचा रुपया दाखवला तर आधी संशय घ्या.

या छंदाचं माहेर मात्र अमेरिका आहे. तिथं १८९२ ते १९५४ या काळात निघालेली अर्ध्या डॉलरची स्मारक नाणी ९० टक्के चांदीची होती. शिकागोच्या प्रदर्शनात विकलं गेलेलं कोलंबसचं नाणं त्यातलं पहिलं. दर्शनी किंमत अर्धा डॉलर, विक्री एका डॉलरला. पुढची बरीचशी नाणी टपालानं, पुठ्ठ्याच्या कार्डांत खोचून ग्राहकांना गेली. पुठ्ठ्यातल्या गंधकानं नाण्याचा उघडा भाग रंगला आणि नाणं धरून ठेवणाऱ्या पट्टीखालचा भाग पांढरा राहिला. म्हणून तिथल्या जाणकारांना नाण्यावरचा पांढरा पट्टा किंवा त्याची गोल कड पाहून ते कसल्या कार्डात होतं याचा अंदाज बांधता येतो. परदेशातल्या वाचकांना ही नाणी सहज मिळतील. रंगाचा अभ्यास करायला याहून चांगलं साहित्य नाही.

घेण्याआधीची तपासणी

आपल्याकडच्या बाजारात गंमत अशी की बहुतेक ग्राहक अजून पांढरं, चकचकीत नाणं मागतात. त्यामुळं काही विक्रेते रंगलेलं नाणं रसायनात बुडवून पांढरं करूनच विकतात. रंग ओळखणाऱ्याला म्हणूनच इथं साध्या किमतीत चांगला माल मिळू शकतो. पण परदेशी लिलावांतल्या किमती सगळ्यांच्या मोबाइलवर पोचल्यापासून उष्णता किंवा रसायनं वापरून रंगवलेली नाणीही वाढली आहेत. तेव्हा दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक लहान पांढरा दिवा सोबत ठेवा आणि या क्रमानं बघा.

आधी नाणं काठानं धरून दिव्याखाली कलवा. चकाकीचा पट्टा रंगाच्या खालून फिरतोय का? अस्सल रंगाखाली चमक सरकताना दिसते. रंग वर बसून खाली सगळं मंद झालं असेल तर एक तर नाणं झिजलेलं आहे, नाहीतर रंग चढवलेला आहे.

मग क्रम तपासा. काठाकडून मध्याकडं जाताना सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा असे टप्पे एकमेकांत विरघळत गेले पाहिजेत, या दिशेनं किंवा उलट. पांढऱ्या चांदीला लागूनच झगमगीत हिरवा किंवा मोरपिशी सुरू झाला, मधले रंग गायबच असतील, तर ते नाणं बाजूला ठेवा.

यानंतर अक्षरांच्या आणि चेहऱ्याच्या कडा भिंगातून पाहा. कापड किंवा कागद नाण्याला टेकून रंग चढलेला असतो तेव्हा उंचवट्याच्या अगदी शेजारी बहुधा एक बारीक फिकी रेघ राहते, कारण तिथं कागद टेकत नाही. हे नक्कल करायला अवघड आहे. उलट रंग ठिपक्या-ठिपक्यांनी साचलेला, ओरखड्यांच्या आत जास्त गडद, नाहीतर ओघळ आल्यासारखा दिसला तर नको म्हणा.

नाक वापरायला लाजू नका. ताज्या रसायनाचा वास काही काळ टिकतो.

वजन आणि व्यास मोजून घ्या. मात्र चांदी खरी आहे का हे पाहायला सराफाच्या कसोटीवर नाणं घासू देऊ नका. दगडावरची एक रेघ आणि नाण्याचं काम तमाम.

महाग नाणं घ्यायचं असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकी संस्थांनी तपासून प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, बंद केलेलं घ्यावं. रंग शंकास्पद वाटला की या संस्था नाण्याला नेहमीचा गुणांक देत नाहीत. त्यांचा निर्णयही माणसांचाच असतो. तरी सुरुवातीला त्याचा आधार मोठा वाटतो.

पूजेतली नाणी वेगळी समजा. हळद-कुंकवाचे, तेलाचे डाग म्हणजे टोनिंग नव्हे, आणि लक्ष्मीपूजनाच्या नाण्याला बाजारभाव लावण्यात अर्थही नाही.

रंग जिथल्या तिथं थांबवणं

रंग चढणं ही चालू असलेली क्रिया आहे. आज निळं असलेलं नाणं उद्या काळं होऊ शकतं. म्हणून आवडलेला रंग थांबवायला शिकावं लागतं.

पहिला शत्रू म्हणजे मऊ पीव्हीसीचे पाउच, जे स्वस्त म्हणून सगळीकडं वापरले जातात. काही काळानं त्यातून हिरवट, चिकट थर सुटतो आणि चांदीला खातो. त्याऐवजी मायलर या कडक, पारदर्शक प्लास्टिकचे फ्लिप, म्हणजे दुमडते पाउच, किंवा नाण्याच्या मापाची ॲक्रिलिकची गोल कॅप्सूल वापरा. हिरवट चिकटपणा लागलेलाच असेल तर काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घेऊन त्यात नाणं काही मिनिटं बुडवा, काढा, पुसू नका, हवेवर वाळू द्या. खिडकी उघडी आणि ज्योत लांब हवी. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात रंग-वास मिसळलेले असतात. ॲसिटोन प्लास्टिकचा चिकटा आणि तेल काढतं, सल्फाइडच्या रंगाला धक्का लावत नाही. चांदी उजळवायचे 'डिप', म्हणजे नाणं बुडवायची रसायनं, मात्र नेमका रंगच काढतात.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात कॅप्सूलही पुरत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ओलावा धरला की बदला. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरी कापड, फोम, प्लायवूडचा खण, सगळं दूर. आणि नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा सूक्ष्म थेंब पुढं कायमचा काळा ठिपका होऊन बसतो.

मुद्दाम रंग चढावा म्हणून नाणं पुठ्ठ्यात ठेवून द्यावं का, हा प्रश्न नेहमी निघतो. स्वतःच्या कुतूहलासाठी एखादं साधं नाणं ठेवायला हरकत नाही. पण विकताना ते सांगितलं पाहिजे.

फोटो: मांडणी

इथं लोक सर्वात जास्त फसतात. हातात निळं-सोनेरी दिसणारं नाणं फोटोत करड्या बटणासारखं येतं. कारण रंग आरशासारखा परावर्तित होतो. दिव्याचा प्रकाश नाण्यावर आपटून थेट कॅमेऱ्याच्या भिंगात शिरला तरच तो दिसतो. खोलीभर पसरलेल्या मऊ उजेडात तो मरतो. तेव्हा इतर वस्तूंच्या फोटोग्राफीतला 'प्रकाश मऊ करा' हा सल्ला इथं बाजूला ठेवायचा.

कॅमेरा स्टँडवर सरळ खाली बघत बसवा. तो खरंच काटकोनात आहे का हे पाहायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा. स्क्रीनच्या बरोबर मध्यभागी भिंगाचं प्रतिबिंब दिसलं की मांडणी सरळ.

कॅमेऱ्याचं भिंग ९० ते १०५ मिलिमीटरचं मॅक्रो, म्हणजे जवळून टिपणारं, असावं. मोठं वर्धन मिळतं म्हणून नव्हे, तर नाणं आणि भिंग यांच्यात दिवा घुसवायला जागा राहते म्हणून. एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरवर ३४ मिलिमीटरचं नाणं पूर्ण बसवायला अर्ध्याहून कमी वर्धन पुरतं.

दोन लहान एलईडी दिवे घ्या, ज्यांचा रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९५च्या आसपास आहे. नाण्याकडं घड्याळ म्हणून पाहिलं तर एक दहावर, एक दोनवर. दोन्ही उंच, भिंगाच्या जितके जवळ आणता येतील तितके. खाली आणले की उठावाच्या सावल्या छान पडतात, पण रंग जातो. खोलीतली ट्यूब बंद. अंगात लाल-केशरी शर्ट असेल तर तोही बदला. चकाकत्या प्रूफ नाण्यात तो दिसतो.

आता कलवणं. नाण्याच्या एका कडेखाली घडी घातलेला जाड कागद सरकवा आणि स्क्रीनवर बघत रंग उजळेपर्यंत थोडं थोडं वाढवा. खोडरबर वापरू नका, त्यात गंधक असतं. बहुधा तीन-चार अंश पुरतात. चार अंशाला ३४ मिलिमीटरच्या नाण्याच्या दोन कडांच्या उंचीत साधारण अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून छिद्रमान (ॲपर्चर) एफ/८ ते एफ/११ ठेवून फोकस नाण्याच्या मध्यावर हातानं करा. त्याहून छिद्र बारीक केलं तर बारकावे पुसट होऊ लागतात.

प्रूफ नाणी आणि आरशासारखी सपाटी असेल तिथं हेही अपुरं पडतं. तिथं काचेची युक्ती लागते. फोटोफ्रेममधली पातळ स्वच्छ काच भिंग आणि नाणं यांच्या मध्ये ४५ अंशांत तिरकी धरा. दिवा बाजूनं, आडवा, काचेवर सोडा. काच त्यातला थोडा प्रकाश सरळ खाली नाण्यावर पाडते आणि नाण्यावरून परतलेला प्रकाश त्याच काचेतून वर भिंगात जातो. दिव्याचा उजेड थेट नाण्यावर पडणार नाही अशी आडोशाची पट्टी लावा आणि दिव्यासमोरच्या बाजूला काळा कागद उभा करा, नाहीतर चित्र धुवट येतं. या पद्धतीत सगळा रंग एकदम उमलतो. तोटा एवढाच की चकाकीची हालचाल नाहीशी होते आणि नाणं रंगवलेल्या कागदासारखं सपाट वाटू लागतं. मी ही पद्धत प्रूफपुरतीच ठेवतो.

फोटो: कॅमेऱ्यातली बटणं

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाशी कॅमेऱ्याची जुळवणी, ऑटोवर ठेवू नका. सोनेरी नाणं पाहून कॅमेरा 'उजेड पिवळा आहे' असं समजतो आणि सगळं निळसर करून टाकतो. त्याच दिव्यांखाली करडं कार्ड ठेवून कस्टम बॅलन्स घ्या. पार्श्वभूमीही करडी, पांढरी किंवा काळी. मखमली लाल कापडाची हौस इथं नको.

आयएसओ १००, रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल, दोन सेकंदांचा टायमर. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आहे. स्वस्त एलईडी लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की ते बहुधा जातात. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, तिन्ही रंग वेगळे दिसत असतील तर लालकडं लक्ष द्या. सोनेरी-किरमिजी भागात लाल आधी फाटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन भिडतो, आणि तिथला रंग सपाट होतो. किंचित कमी प्रकाशात काढलेला फोटो नंतर सुधारता येतो, फाटलेला नाही.

मोबाइलवरही काम होतं. पुस्तकांच्या चळतीवर तो आडवा ठेवा, दोनपट झूम घ्या, म्हणजे अंतर राहून मोबाइलची सावली नाण्यावर पडणार नाही. फोकस-एक्सपोजर बोट दाबून लॉक करा आणि सुंदर दिसण्यासाठी जे जे फिल्टर आपोआप चालू असतात ते बंद करा. दिवा एकच असला तरी चालतो, तो मोबाइलला जवळजवळ चिकटून हवा.

स्लॅबमधल्या नाण्याला वर प्लास्टिक असतं, ते स्वतः चमकतं. पूर्ण स्लॅब कलवला की नाण्याच्या आणि प्लास्टिकच्या चमकेचा कोन एकच राहतो. म्हणून इथं दिवे हलवून चमक नाण्याच्या वर्तुळाबाहेर ढकलावी लागते. स्लॅबवर ओरखडे असतील तर आधी मऊ कापडानं धूळ तरी झटका. अर्धे 'डाग' तिथंच असतात.

किती सजवायचं

संगणकावर नाणं सरळ फिरवा, वर्तुळात कापा, प्रकाश सावरा. सॅच्युरेशनच्या पट्टीला हात लावू नका. त्याच दिव्यांखाली नाणं हातात घेऊन, सर्वात चांगल्या कोनात धरल्यावर जेवढा रंग दिसतो, तेवढा फोटोत असावा. याहून जास्त दाखवणं म्हणजे फसवणूकच. याहून कमी दाखवणं हा नाण्यावर अन्याय. विकायचं नाणं असेल तर निदान दोन फोटो द्या: एक सरळ, रंग शांत असलेला, आणि एक कलवलेला. जमलं तर दिव्याखाली नाणं फिरवतानाचा छोटा व्हिडिओ. विकत घेताना विक्रेत्याकडून हेच मागा. एकाच कोनातला, झगमगीत, काळ्या पार्श्वभूमीवरचा फोटो देऊन दुसरा द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

शेवटी फाइल वेबसाठी एसआरजीबी या रंगपद्धतीत सेव्ह करा, नाहीतर दुसऱ्याच्या स्क्रीनवर रंग बदलतात. नावात नाणं, वर्ष, टांकसाळीची खूण आणि तारीख टाका. मुंबईची खूण हिरा, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका, कोलकात्याची काहीच नाही. दिव्यांची जागा, बॅलन्स, छिद्रमान, शटर यांची नोंद वहीत ठेवा आणि दर पावसाळा संपल्यावर त्याच मांडणीत तेच नाणं पुन्हा टिपा. दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवल्यावर काठाचा सोनेरी पट्टा जांभळ्याकडं सरकलेला दिसला, तर डबा हवाबंद नाही किंवा आत काहीतरी गंधक सोडतंय. कॅप्सूल, सिलिका जेल आणि पेटीचं अस्तर तिन्ही त्याच दिवशी बदला.